टाचमास्तर

आमचे टाचमास्तर गोल्फ शिकवायचे, पण चेंडूकडे कधी बघायचे नाहीत. कोणी चेंडू मारला की तो आभाळात जायचा, सगळ्यांच्या माना वर व्हायच्या आणि मास्तरांची मान खालीच. मारणाऱ्याच्या मागे उकिडवे बसून ते त्याची डावी टाच बघत असायचे. तिथूनच सांगायचे, "उजवीकडे वळला. बाभळीत गेला." आणि चेंडू बाभळीतच गेलेला असायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, या माणसाला काहीतरी बाहेरचं आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, ढोंगी आहे. पुढे कळलं, दोन्ही नाही. हट्टी आहे, आणि कान तिखट आहेत.

चौथी शिकलेल्या बाईला गोल्फ कुठून माहीत, असं मनात आलं असेल तर सांगते. पडघ्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, एका मालकाने गोडाऊन बांधायला जमीन घेतली होती. परवानगी अडकली. जमीन रिकामी ठेवण्यापेक्षा त्याने तिच्यावर परदेशी गवत लावलं आणि ठाण्या-मुंबईच्या लोकांसाठी गोल्फचं मैदान केलं. गवत राखायला आणि चेंडू वेचायला आम्ही गावातल्या बायका. जन्मभर गवत उपटून बांधावर फेकलं आणि म्हातारपणी गवत जपायची ड्युटी लागली. चेंडू वेचताना डोक्यावर घमेलं पालथं घालायचं. त्यावर चेंडू ठणकन बसला की माझी मैत्रीण रखमा मारणाऱ्याकडे वळून ओरडायची, "डोले हायत का बटनां?" साहेब लोकांना समजायचं नाही. ते हात हलवायचे.

मास्तर भिवंडीचे. लूमच्या खडखडाटात जन्मलेले. त्यांचे वडील लूम दुरुस्त करायचे. कारखान्याच्या दारात उभं राहून आत कुठला लूम आजारी आहे ते सांगायचे. मास्तर तरुणपणी मुंबईला एका गोल्फच्या मैदानावर खेळणाऱ्यांच्या पिशव्या उचलायला लागले, तिथे खेळायला शिकले, मग शिकवायला लागले. पण कान बापाचेच राहिले. "चेंडू सगळ्यात शेवटी बोलतो," ते म्हणायचे. "त्याच्या आधी काठी बोलते, आणि काठीच्या आधी टाच. मग मी शेवटच्याचं कशाला ऐकू?"

चूक हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. ते बिघाड म्हणायचे. आणि एका दिवशी एकच बिघाड काढायचा, हा त्यांचा कायदा. एक बँकेतला पोरगा मोबाइलवर बघून बघून स्वतःचे सगळे दोष पाठ करून आला. मान हलते, कोपर वाकतो, कंबर सरकते, गुडघा मोडतो. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोलले, "बूट काढा." पोरगा बूट काढून गवतात उभा राहिला. "आता मारा." अनवाणी पायांना जोरात झेपावता येईना, घसरायला होई, म्हणून त्याने बेताने मारला आणि चेंडू सुरेख गेला. पोरगा म्हणाला, "मग कोपर?" मास्तर बोलले, "कोपर घरी गेला. बाकीचे पण गेले. ते सगळे टाचेचे पाहुणे होते."

बिघाडांना नावं मात्र आम्ही बायकांनी ठेवली. चेंडू सरळ निघतो आणि जाता जाता उजवीकडे वाकतो, ते केळं. काठी चेंडूच्या टाळक्यावर लागते आणि चेंडू टुणटुण उड्या मारत जातो, तो बेडूक. काठी चेंडूच्या आधी जमिनीत घुसते आणि चेंडूपेक्षा माती लांब जाते, ते ढेकूळ. आम्ही गवतात बसून आपसात बोलायचो. मास्तरांनी एकदा ऐकलं आणि नावं उचलली. मग मोठमोठ्या गाड्यांतून उतरणारी माणसं तोंड पाडून विचारायला लागली, "मास्तर, माझं केळं कधी जाणार?"

केळ्याचा सगळ्यात जुना रोगी ठाण्याचा एक बिल्डर. तो सारखी नवी काठी आणायचा आणि नव्या काठीने जुनंच केळं काढायचा. मास्तरांनी त्याची मूठ बघितली. नखं पांढरी पडलेली. "शेट, तुम्ही काठीचा गळा दाबताय. गळा दाबल्यावर ती वळणार कशी? ती वळत न्हाय, म्हणून चेंडू वळतो." मग मला हाक मारली, "ठकूबाय, घरी कोंबडीचं पिल्लू हाय ना?" पुढच्या रविवारी मी ओच्यात घालून पिल्लू आणलं. बिल्डरने ते दोन्ही हातांत धरलं. मास्तर बोलले, "सुटता कामा नये आणि मरता पण कामा नये." पिल्लाने त्याच्या पांढऱ्याशुभ्र हातमोज्यावर घाण केली. रखमाने तोंडात पदर कोंबला. पण तेवढ्याच हलक्या हाताने त्याने काठी धरली आणि चेंडू दोरी लावल्यासारखा सरळ गेला. माणूस इतका हरखला की पिल्लाचा मुका घ्यायला निघाला.

एक डॉक्टरीणबाई यायच्या, त्यांचे बेडूक. चेंडू कुठे जातोय ते बघायची घाई. मारायच्या आधीच मान वर. मान वर गेली की अंग वर, अंगाबरोबर काठी वर. मास्तरांच्या खिशात लूमवरच्या रंगीत धाग्यांचे तुकडे असायचे. बाईंची पाठ वळली की ते चेंडूच्या खाली एक तुकडा सरकवायचे. चेंडू उडाला की विचारायचे, "धागा कोणता?"

"कुठला धागा?"

"म्हणजे तुम्ही खाली बघत नव्हता. आभाळ बघत होता."

ज्या दिवशी बाईंना धागा दिसला त्या दिवशी त्या "पिवळा! पिवळा!" करत नाचल्या. चेंडू कुठे गेला हे विचारायचं विसरूनच गेल्या.

मीही त्यांच्या हाताखाली सापडले ते माझ्या हसण्यामुळे. एका साहेबाची काठी चेंडूला न लागता नुसता वारा घालून गेली आणि मी मोठ्याने हसले. मास्तर बोलले, "ठकूबाय, सोमवारी या." सोमवारी मैदान बंद असायचं. मी गेले तर त्यांनी माझ्या हातात काठीच दिली. "हसलात ना? मारा." मी पदर खोचला, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि घातली. काठी जमिनीत रुतून बसली. चेंडू जागच्या जागी. मास्तर हसता हसता खाली बसले. "अहो, हे तर भात झोडलंत!"

खरंच होतं. आमच्याकडे भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन फळीवर आपटतात. पाय रोवलेले, कंबर ताठ, सगळा जोर खांद्यांचा. हे परकरात असल्यापासून अंगात बसलेलं. मग सगळ्याच बायका सोमवारी यायला लागल्या आणि जी ती काठी हातात घेऊन भातच झोडायची. हळूहळू बाकीच्यांचं कमी झालं. रखमाचा चेंडू तरी हलायला लागला. माझा नाही. मास्तर सांगून दमले. "आधी टाच टेकली पाहिजे, मग पोट वळलं पाहिजे, हात सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे हातच मुकादम. बाकी सगळे बसून!"

मग मास्तरांचे डोळे गेले. एकदम नाही. साखरेच्या आजाराने आधी लांबचं गेलं. पायाजवळचं दिसायचं, मैदानाच्या टोकाला नाला होता, तिथली झाडं धुक्यात. आम्हाला आधी कळलं, कारण लांबून येणाऱ्या प्रत्येक बाईला ते रखमा म्हणायला लागले. रखमाला राग यायचा, कारण त्यात जाड्या बायकाही होत्या. गिऱ्हाइकांना कळलं तेव्हा कुजबुज सुरू झाली. ज्याला चेंडू दिसत नाही तो शिकवणार काय? मालकाने एक तरुण सर आणला. त्याच्याकडे कॅमेरा आणि पडदा. मुलगा वाईट नव्हता. मास्तर आले की उठून खुर्ची द्यायचा.

नवरात्राच्या आधी एका सकाळी मालक आला आणि सगळ्यांसमोर बोलला, "मास्तर, खूप केलंत. आता घरी आराम करा."

"शेट, डोळे आत्ता गेले. चेंडूकडे तर मी कधीच बघत नव्हतो."

"ते तुम्हाला माहीत. लोकांना पटायला नको?"

"मग पटवतो. इथला सगळ्यात बिघडलेला हात मला द्या. दसऱ्याला तो चेंडू नाल्यापलीकडे टाकील. न्हाय टाकला तर मी त्याच दिवशी घरी जातो. हार नको, नारळ नको."

मालकाला गंमत वाटली. "सगळ्यात बिघडलेला हात कोणाचा?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बोट केलं. रखमाने दोन्ही हातांनी.

तरण्या माणसाला तो नाला म्हणजे काहीच नव्हता. माझ्यासाठी ती खाडी होती. मी मास्तरांना बाजूला घेऊन म्हटलं, "मास्तर, रखमाला घ्या. तुमची भाकरी माज्या हातात कशाला देता?"

"तुमच्या हातात कोण देतो? हातावर माझा भरोसा न्हाय. टाचेत ठेवलीय."

रोज ड्युटी सुटली की मी झोडायची. दसरा तोंडावर आला तरी माझं भात सरेना. कॅमेरावाल्या सरांनी पडद्यावर मला माझंच सोंग दाखवलं. "आजी, बघा, तुमचे खांदे आधी येतात."

"तां मलाबी ठाव हाय. थांबवू कसा तां सांग."

"ते मलाही सापडत नाहीये," तो म्हणाला. खरं बोलला म्हणून मला तो आवडला.

एका सोमवारी मास्तर माझ्या घरी आले. मी गोठ्यासमोर म्हैस धूत होते. आमची म्हैस द्वाड. जवळ गेलं की शेपटी तोंडावर मारते, म्हणून मी बादली भरून लांबूनच बाजूने पाणी मारते. मास्तर अंगणाच्या कडेला एकदम थांबले.

"काय मारलंत?"

"पानी."

"परत मारा."

मी मारलं. पाणी फाटकन म्हशीच्या कुशीवर बसलं. मास्तर पुढे आले आणि माझ्या पायाशी चिखलात बसले, इस्त्रीच्या पँटीत. "परत." मी मारलं. "परत." टाकी रिकामी होत आली. म्हैस हंबरायला लागली. सून दारात आली. "आत्या, मास्तरांना येड लागला का काय?"

मास्तर ओरडले, "टाच उठते! टाच टेकते, पोट फिरतं, मग बादली जाते! ठकूबाय, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"म्हशीनं," मी म्हटलं.

त्या दिवसापासून काठी बंद. नुसती बादली. आधी भरलेली, मग अर्धी, मग रिकामी, मग बादलीच्या जागी काठी. काठी हातात आली की भात परत यायचं. पण मधूनच म्हैसही यायची. आली की चेंडू असा उडायचा की मीच दचकायची. मास्तर म्हणायचे, "रस्ता सापडलाय. आता त्यावरची गर्दी हटवायची."

दसऱ्याला सकाळी पूजा झाली. विळे, गवत कापायचं मशीन आणि गोल्फच्या काठ्या एकाच सतरंजीवर, सगळ्यांना झेंडूच्या माळा. मालक आणि त्याचे पाहुणे आले. बिल्डर आला, डॉक्टरीणबाई आल्या. आमचं अर्धं गाव आलं, कारण रखमाने घरोघर सांगितलं होतं. मालक म्हणाला, दोन चेंडू मिळतील. सत्यनारायणालासुद्धा मी कधी पुढे बसलेली नाही, आणि आज सगळे माझ्याचकडे बघणारे.

मास्तर जवळ आले आणि हळूच बोलले, "पहिला भात झोडा."

"काय?"

"सगळा जोर लावून झोडा. अंगातलं काढून टाका. आत राहिलं तर दुसऱ्यात येईल."

"मास्तर, मंग येकच उरल."

"एकच लागतो."

मी झोडलं. मनापासून झोडलं. काठी धपकन जमिनीत गेली, ढेकूळ उडून मालकाच्या बुटावर पडलं आणि चेंडू गडगडत माझ्याच पायाशी आला. पाहुणे हसले. बिल्डर कपाळाला हात लावून म्हणाला, "संपलं." मालकाने कॅमेरावाल्या सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघत होते. मला मात्र बरं वाटलं. सुगी उरकल्यावर खांदे रिकामे होतात, तसे झाले.

दुसरा चेंडू मास्तरांनी स्वतः ठेवला. मुठीत लपवून धागा खाली सरकवला. मग नाल्याकडे पाठ करून माझ्या टाचेशी बसले. हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मी काठी मागे नेली नाही, तशीच उभी राहिले. हात पुन्हा मुकादम व्हायला बघत होते.

तेवढ्यात रखमा बोंबलली, "ठके, म्हस हाय ती!"

आणि मला म्हैस दिसली. तिची शेपटीसुद्धा दिसली. टाच उठली. टाच टेकली. पुढचं मी केलं नाही, झालं. वाळकी फांदी मोडावी तसा कडक आवाज आला. मी मान खालीच ठेवली. मास्तरांनीही वळून बघितलं नाही.

"धागा कोणता?"

"निला."

"मग गेला," ते बोलले. चेंडू तेव्हा अजून आभाळातच होता.

मग रखमाची किंकाळी आली. नाल्यापलीकडे! नाल्यापलीकडच्या भाताच्या शेतात! बायकांनी घमेली बडवायला सुरुवात केली. पोरं नाल्यात उतरून पलीकडे धावली. डॉक्टरीणबाईंनी मला मिठी मारली आणि माझ्या हातातली काठी त्यांच्या पायावर पडली, तरी त्या नाचतच होत्या. बिल्डर मास्तरांना उचलायला धावला, वाकला आणि कंबर धरून बसला. "शेट, गुडघे वाकवून उचला," मास्तर बोलले. मालकाने बुटावरची माती झटकली, आपट्याचं पान घेऊन पुढे आला आणि मास्तरांच्या हातात दिलं. "तुमची खुर्ची इथेच राहील."

मास्तर म्हणाले, "खुर्ची कशाला? मी खालीच बसतो."

एवढ्या गर्दीत तो चेंडू बघितला नाही असे आम्ही दोघंच.

मास्तर राहिले. नंतर कॅमेरावाले सर त्यांच्या शेजारी बसायचे. मास्तर बिघाड सांगायचे, सर चेंडू कुठे पडला ते सांगायचे. मास्तरांनी विचारलेलं नसायचं, तरी सांगायचे. मग मालकाची परवानगी सुटली आणि गवतावर गोडाऊन उभं राहिलं. त्यात रडण्यासारखं काही नाही. जमीन त्यासाठीच घेतलेली होती. आता रखमाचा नातू तिथे पॅकिंगच्या शिफ्टला जातो.

मास्तर भिवंडीत मुलीकडे राहायला गेले. ईदला मी आणि रखमा भेटायला गेलो. खाली लूम चालू, जिना अंधारा. त्यांना आता काहीच दिसत नव्हतं. मी निम्म्या पायऱ्या चढले असेन, तर वरून आवाज आला, "ठकूबाय, उजवा गुडघा दुखतो काय? सगळा भार डावीकडे घेताय."

एवढ्या खडखडाटात त्यांनी माझा पाय ओळखला. मी म्हटलं, "म्हातारपन हाय. दुखनारच."

"मग काठी घ्या हातात. पण गळा दाबू नका."

शेजारून रखमा म्हणाली, "मास्तर, मी पन आलंय." ते बोलले, "तुमचं तर गल्लीच्या तोंडापासून ऐकतोय."

त्यानंतरच्या थंडीत ते गेले. आम्हाला कळलं तेव्हा माती होऊन गेली होती. मी त्या दिवशी म्हैस धुतली. दुसरं काय करणार?

यंदा वैशाखात माझ्या नातवाचं लग्न झालं. नवरी दारात उभी, उंबऱ्यावर तांदळाचं माप. बायका तिचं तोंड बघत होत्या, गळ्यातलं बघत होत्या. मी तिची डावी टाच बघत होते. टाच घट्ट टेकली, मग कंबर वळली, मग उजवा पाय गेला. माप उडालं आणि तांदूळ थेट देव्हाऱ्यापर्यंत. माझी सून म्हणाली, "अगो, हलू! घर फोरतंस का?" नवरीने जीभ चावली. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

पूजा उरकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गोठ्याकडे नेलं आणि भरलेली बादली तिच्या हातात दिली.

"आजी, कुठे टाकू?"

"म्हशीवर. लांबूनच टाक."

मी तिच्या मागे उकिडवी बसले. गुडघ्याने शिव्या दिल्या. तिने पाणी मारलं. फाटकन आवाज आला.

"लागलं का हो, आजी?" तिने विचारलं.

मला काय माहीत! मी बघितलंच नव्हतं.